पॉम्पीचे तीन महिने

इ. स. पू. ६७ साली रोममध्ये एक कायदा मंजूर झाला आणि त्याच दिवशी बाजारात धान्याचा भाव खाली आला. बंदरात एकही जादा गलबत लागलेले नव्हते. सिसिली, सार्डिनिया, आफ्रिका इथला गहू होता तिथेच पडून होता. ज्या माणसाच्या हाती समुद्र सोपवला गेला, त्याने अजून एकही जहाज हलवले नव्हते. नुसते त्याचे नाव पुकारले गेले आणि भाकरी स्वस्त झाली. पुढच्या वर्षी सिसेरोने भर सभेत ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली. लोकांचा एका माणसावर केवढा विश्वास असू शकतो, याचा तो पुरावा मानत होता. मला मात्र ती गोष्ट वाचताना दर वेळी धास्ती वाटते. वर्षानुवर्षे चालत आलेल्या व्यवस्थेवर लोकांचा भरवसा उरलेला नाही आणि एका नावावर तो सगळा येऊन बसला आहे, असे ज्या शहरात होते ते शहर आतून कुठेतरी तुटलेले असते.

ते नाव ग्नेयस पॉम्पी याचे. जन्म इ. स. पू. १०६ चा. तेविशीत असताना, कोणतेही पद हाती नसताना, कोणाची आज्ञा नसताना त्याने बापाच्या वजनाखालच्या मुलखात स्वतःच सैन्य उभे केले आणि यादवी युद्धात सुल्लाच्या बाजूने उतरला. पुढे सिसिली, मग आफ्रिका. मग स्पेनमध्ये सर्टोरियसशी कित्येक वर्षांची झुंज. सर्टोरियसचा खून करणाऱ्या पेर्पेर्नाने रोममधल्या बड्या लोकांची पत्रे आणून त्याच्यापुढे टाकली, तेव्हा पॉम्पीने ती न वाचता जाळून टाकली. पस्तिसाव्या वर्षी तो थेट कॉन्सल झाला. त्याआधीची एकही पायरी तो चढला नव्हता. सिनेटचे कामकाज कसे चालते हे ठाऊक नसल्यामुळे त्याला व्हॅरो या विद्वान मित्राकडून एक पुस्तिका लिहून घ्यावी लागली. म्हणजे इ. स. पू. ६७ मध्ये समुद्र ज्याला दिला, तो माणूस आयुष्यभर नियमाला अपवाद म्हणूनच वाढला होता.

चाच्यांविरुद्धची त्याची मोहीम तीन महिन्यांत संपली. प्राचीन जगातल्या सगळ्यांत झटपट आणि सगळ्यांत स्वच्छ विजयांपैकी तो एक. तरी माझे म्हणणे असे आहे की या मोहिमेत दोन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या. एक, पॉम्पीला मिळालेली अमर्याद सत्ता. दुसरी, त्याने शरण आलेल्या माणसांचे काय केले ती. चाचेगिरी ज्या प्रमाणात संपली, ती दुसऱ्या गोष्टीमुळे संपली. रोमने मात्र पहिलीच लक्षात ठेवली, आणि पुढची वीस वर्षे तिचीच उजळणी केली.

हे पटायचे तर चाचे आले कुठून, इथून सुरुवात करायला हवी.

आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण किनारा. टॉरस पर्वताच्या सोंडा इथे सरळ समुद्रात उतरतात. मध्ये मध्ये लहान खाड्या, वर कडे, कड्यांवर किल्ले आणि मागे गलबतांना लागणाऱ्या लाकडाची जंगले. नांगराला जमीन म्हणाल तर हातरुमालाएवढी. या पट्ट्याला खडकाळ सिलिशिया म्हणत. असा किनारा चाच्यांना आयता, हे खरे. पण खडक आणि खाड्या तर हजारो वर्षे तिथेच होत्या. चाचेगिरी उफाळली ती इ. स. पू. दुसऱ्या शतकात, आणि तिच्या मुळाशी रोमचे निर्णय होते.

इ. स. पू. १८८ च्या तहात रोमने सीरियाच्या सेल्युकिड राजांचे आरमार छाटून टाकले. उरलेला पहारेकरी म्हणजे ऱ्होड्स बेट. त्या बेटाच्या व्यापाऱ्यांना समुद्र मोकळा हवा होता, म्हणून ते स्वतःच्या पैशाने चाच्यांचा पाठलाग करीत. मॅसिडोनियाच्या युद्धात ऱ्होड्सने रोमच्या मनासारखी भूमिका घेतली नाही, एवढ्या रागापायी रोमने डेलॉस हे बेट करमुक्त बंदर करून टाकले. ऱ्होड्सच्या वकिलाने सिनेटपुढे येऊन सांगितले की बंदराचे उत्पन्न दहा लाख द्राख्मांवरून दीड लाखावर आले आहे. सिनेटला तेच हवे होते. ज्याच्या खिशात पैसा नाही तो गस्तीची जहाजे कुठून ठेवणार? असे करून रोमने समुद्रावरचे जुने पहारेकरी एकेक करून दूर केले, आणि त्यांच्या जागी स्वतः मात्र उभे राहिले नाही.

डेलॉसवर काय विकले जात होते, हे स्ट्रॅबोने लिहून ठेवले आहे. माणसे. एका दिवसात दहा दहा हजार गुलाम उतरवून घेऊन पुन्हा पाठवण्याची ताकद त्या बंदरात होती, असे तो म्हणतो. आकडा फुगलेला असेल, पण आकड्यामागची ओढ फुगलेली नव्हती. कार्थेज आणि कॉरिंथ पडल्यानंतर रोममधल्या धनिकांच्या हातात अफाट पैसा आला होता. इटलीत आणि सिसिलीत मोठमोठी शेते उभी राहत होती आणि त्या शेतांना मजूर हवे होते. चाचे किनाऱ्यावरच्या गावांतून माणसे उचलीत, डेलॉसला नेत आणि विकून मोकळे होत. विकत घेतलेला माणूस कुठला, हे कोणी विचारीत नव्हते. चाचे इतकी वर्षे का टिकले, याचे उत्तर या बाजारात आहे. रोमच्या गिऱ्हाइकाला त्यांची गरज होती.

याचा एक विदारक दाखला इ. स. पू. १०४ चा आहे. उत्तरेकडून जर्मन टोळ्या चालून येत होत्या, म्हणून मारियसने मित्रराज्यांकडे सैन्य मागितले. बिथिनियाचा राजा निकोमिडीस याने कळवले की देण्यासारखी माणसे उरलेली नाहीत. रोमच्या करवसुली ठेकेदारांनी त्याची बहुतेक प्रजा उचलून नेली आहे आणि ती रोमच्या प्रांतांमध्ये गुलामीत आहे. सिनेटला लाज वाटली. मित्रराज्यांतल्या स्वतंत्र नागरिकांना कुठल्याही प्रांतात गुलाम म्हणून ठेवू नये, असा ठराव झाला. सिसिलीच्या सुभेदाराने चौकशी सुरू केली आणि थोड्याच दिवसांत आठशेहून जास्त माणसे मोकळी केली. मग बेटावरच्या बड्या जमीनदारांनी त्याला गाठले आणि काम थांबले. दाराशी जमलेल्या बाकीच्यांना त्याने आपापल्या मालकांकडे परत जायला सांगितले. सिसिलीत गुलामांचे दुसरे मोठे बंड पेटले ते यातूनच.

मला हा प्रसंग चाचेगिरीच्या सगळ्या इतिहासाची गुरुकिल्ली वाटतो. ठेकेदार सनद घेऊन माणसे उचलत होता, चाचा सनदेशिवाय उचलत होता. उचललेला माणूस एकाच शेतावर जाऊन पोहोचत होता.

पुढे मिथ्रिडेटिस राजाने रोमशी युद्ध मांडले आणि चाच्यांना आश्रय दिला. युद्धांनी उद्ध्वस्त झालेल्या आशिया मायनरमध्ये रोमने बसवलेल्या दंडाने आणि व्याजाने कंबर मोडलेले हजारो लोक होते. त्यातले कितीतरी समुद्रावर गेले. प्लुटार्क सांगतो की पुढे पुढे पैसेवाले, खानदानी लोकही त्यांच्यात सामील होऊ लागले. एक हजारावर गलबते, चारशे लुटलेली शहरे. सोन्याचा मुलामा, जांभळे पडदे, चांदी मढवलेली वल्ही. पकडलेला माणूस ‘मी रोमचा नागरिक आहे’ म्हणाला की ते घाबरल्याचे सोंग आणत, त्याच्या पाया पडत, त्याला जोडे आणि रोमन वस्त्र चढवत, आणि भर समुद्रात शिडी सोडून म्हणत की आता आपण सुखाने घरी जावे. या क्रूर खेळात मला फक्त क्रौर्य दिसत नाही. त्यात रोमविषयीचा एक जुना, साठलेला राग आहे.

रोमने आधी काहीच केले नाही असे नाही. इ. स. पू. १०२ मध्ये मार्कस अँटोनियस हा वक्ता आरमार घेऊन सिलिशियावर गेला आणि परत येऊन त्याने विजययात्रा काढली. काही वर्षांनी त्याच्याच मुलीला इटलीच्या किनाऱ्यावरून चाच्यांनी पळवले आणि खंडणी भरून सोडवावे लागले. सर्व्हिलियस वॅटियाने इ. स. पू. ७८ पासून तीन-चार वर्षे टॉरसच्या डोंगरांत खरोखर चिकाटीने युद्ध केले. मग इ. स. पू. ७४ मध्ये त्या वक्त्याच्या मुलाला सगळ्या किनाऱ्यांवर अधिकार देण्यात आला. त्याने चाच्यांपेक्षा मित्रराज्यांनाच जास्त लुबाडले आणि क्रीटजवळ सपाटून मार खाल्ला. दरम्यान चाच्यांनी दोन प्रेटर त्यांच्या दंडधाऱ्यांसकट उचलून नेले. रोमच्या वेशीवर, ऑस्टियाच्या बंदरात घुसून आरमार जाळले. धान्य येईना. तेव्हा कुठे रोम जागे झाले. गुलामीच्या बाजारात विकले जाणारे पूर्वेकडचे खेडूत ऐंशी वर्षे ओरडत होते. त्यांचा आवाज पोहोचला नाही. भाकरी महागली तेव्हा पोहोचला.

ट्रिब्यून आउलुस गाबिनियसने मांडलेला कायदा असा होता: एका माणसाला तीन वर्षांसाठी संपूर्ण भूमध्य समुद्रावर आणि किनाऱ्यापासून आत सुमारे पन्नास रोमन मैलांपर्यंत अधिकार. रोमच्या साम्राज्यातले फारच थोडे भाग त्या पट्ट्याबाहेर उरत होते. शेवटी मंजूर झाले ते ५०० जहाजे, १,२०,००० पायदळ, ५,००० घोडदळ आणि २४ दुय्यम सेनानी. सिनेट खवळले. प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे सिनेटमधून उघड पाठिंबा देणारा एकटा ज्युलियस सीझर. ट्रेबेलियस या दुसऱ्या ट्रिब्यूनने नकाराधिकार वापरला, तेव्हा गाबिनियसने त्यालाच पदावरून काढायचा ठराव मतास टाकला. रोमच्या पस्तीस मतदार गणांपैकी सतरा गणांनी त्याच्याविरुद्ध कौल दिला. आणखी एक कौल पडला असता तर पद गेले असते. ट्रेबेलियसने माघार घेतली.

मग ज्येष्ठ सिनेटर कातुलुस बोलायला उठला. सगळ्या रोममध्ये त्याच्याइतका मान दुसऱ्या कोणाला नव्हता, म्हणून आरडाओरडा थांबला. त्याने विचारले की या एकाच माणसावर सगळे टाकता आहात, उद्या त्याचे काही बरेवाईट झाले तर कोणाकडे बघाल? लोक एका आवाजात ओरडले की तुझ्याकडे. कातुलुस निरुत्तर झाला आणि खाली बसला.

हा प्रसंग बहुतेक जण कातुलुसची फजिती म्हणून सांगतात. मला त्यात एक मोठी शोकांतिका दिसते. कातुलुसचे म्हणणे खरे होते. अनुभव एकाच माणसाच्या पदरात ओतत राहिलात तर दुसरा कोणी तयार होणार नाही, आणि मग प्रत्येक संकटात तोच माणूस ‘आवश्यक’ ठरेल. पण त्याच्या या खऱ्या बोलण्याला वजन का आले नाही? कारण तो ज्या वर्गाचा प्रतिनिधी होता, त्या वर्गाने ऐंशी वर्षांत ना गस्तीचे आरमार उभे केले, ना डेलॉसचा बाजार रोखला, ना ठेकेदारांना आवरले. भुकेल्या माणसासमोर घटनेचा दाखला द्यायचा असेल तर त्याच्या भाकरीसाठी आधी काहीतरी केलेले असावे लागते. सिनेटने ते केले नव्हते. आणखी एक गोष्ट. सात वर्षांपूर्वी जवळजवळ असाच अधिकार अँटोनियस वक्त्याच्या त्या नालायक मुलाला दिला गेला, तेव्हा कोणी हूं की चूं केले नव्हते, कारण त्याची कोणाला भीती वाटत नव्हती. तत्त्व तेव्हाही तेच होते. ते फक्त पॉम्पीच्या वेळी आठवले, हे लोकांना कळत नसेल असे कोणी समजू नये.

मोहिमेची आखणी अप्रतिम होती, यात वाद नाही. पॉम्पीने समुद्राचे तेरा विभाग पाडले आणि प्रत्येकावर एक सेनानी नेमून सगळीकडे एकाच वेळी कारवाई सुरू केली. चाच्यांचे बळ पळून जाण्यात होते. एका खाडीतून हुसकावले की ते दुसऱ्या खाडीत जात. आता दुसऱ्या खाडीतही जहाजे उभी होती. समुद्र नीट खुला व्हायच्या आधीच तो निघाला, सिसिली, आफ्रिका आणि सार्डिनिया ही धान्याची तिन्ही कोठारे आधी सुरक्षित केली आणि चाळीस दिवसांत पश्चिमेकडचा समुद्र मोकळा झाला. रोममध्ये कॉन्सल पिसो त्याच्या खलाशांना परस्पर घरी पाठवत होता. गाबिनियस त्यालाही पदावरून काढायचा मसुदा घेऊन तयार होता. पॉम्पीने तो थांबवला आणि ब्रुंडिसियमहून पूर्वेला गेला. तिथून एकोणपन्नासाव्या दिवशी सिलिशिया त्याच्या ताब्यात होता. आजच्या अलान्या शहराचा कडा समुद्रात पुढे आलेला दिसतो, तेच कोराकेसियम. तिथे शेवटची मोठी लढाई झाली, मग वेढा आणि मग शरणागती.

वीस हजारांहून जास्त माणसे हाती लागली. आता त्यांचे करायचे काय?

रोमची रीत ठरलेली होती. चारच वर्षांपूर्वी स्पार्टाकसच्या बंडातल्या सहा हजार गुलामांना क्रॅससने कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने सुळावर चढवले होते. तरुणपणी सीझर चाच्यांच्या हाती सापडला होता. अडतीस दिवस त्यांच्यात राहून, पन्नास टॅलेंट खंडणी भरून सुटला आणि सुटताच परत येऊन त्याने त्या सगळ्यांना सुळावर दिले. पॉम्पीने यातले काही केले नाही. त्याने त्या माणसांना जमीन दिली. आर्मेनियाच्या टिग्रानीस राजाने आपली नवी राजधानी वसवण्यासाठी सिलिशियातले सोली हे गाव रिकामे केले होते. तिथे पॉम्पीने चाच्यांना वसवले, आणि त्या गावाचे नाव पॉम्पिओपोलिस झाले. मालुस, आदाना, एपिफानिया अशा ओस पडलेल्या गावांत काही गेले. बरेच जण ग्रीसमध्ये दायमे इथे गेले, जिथे जमीन भरपूर होती आणि माणसे नव्हती. प्लुटार्कने यामागचा पॉम्पीचा विचार नोंदवला आहे. माणूस मुळात हिंस्र नसतो, चुकीच्या जगण्याने तसा होतो, आणि जागा, काम, राहणी बदलली की तोही बदलतो.

हे शब्द प्लुटार्कचे असतील, पॉम्पीचे नसतीलही. पॉम्पी काही दयाळू माणूस नव्हता. सुल्लाच्या काळात त्याच्या हाताला भरपूर रक्त लागले होते. हिशेबही साधा होता: एवढ्या माणसांना मोकळे सोडणे धोक्याचे आणि ठार मारणे महागात पडणारे, कारण तसे केले असते तर उरलेल्यांनी शेवटपर्यंत झुंज दिली असती. त्याने पहिल्या काही टोळ्यांना जीवदान दिले, ही बातमी पसरली आणि पुढच्या टोळ्या बायकामुलांसकट येऊन हवाली झाल्या. तीन महिन्यांचे रहस्य यातच आहे. पाचशे जहाजांनी लढून एवढा समुद्र तीन महिन्यांत जिंकता येत नाही. समोरच्याला लढण्यापेक्षा शरण जाणे फायद्याचे वाटले पाहिजे. क्रीटमध्ये मेटेलस हा दुसरा रोमन सेनापती त्याच वेळी जुन्या पद्धतीने, जाळपोळ करीत युद्ध करत होता. तिथल्या लोकांनी समुद्रापलीकडे पॉम्पीकडे माणसे पाठवून विनवले की आम्ही तुला शरण येतो. पॉम्पीने ती शरणागती स्वीकारली आणि आपला अधिकारी तिकडे धाडला, त्यावरून दोन रोमन सेनापतींत लाजिरवाणे भांडण जुंपले. त्यात पॉम्पीचा लोभ होताच. पण माणसे कोणाच्या हाती जायला तयार होती, हेही त्यातून दिसते.

जमिनीचा हा उपाय खरा होता की नुसता देखावा? याची एक कसोटी सिसेरोच्या पत्रात नकळत सापडते. इ. स. पू. ४४ मध्ये तो समुद्रमार्गे ग्रीसला जायच्या विचारात होता, आणि त्याने मित्राला लिहिले की दायमेच्या लोकांना जमिनीवरून हुसकावले आहे, तेव्हा ते समुद्र असुरक्षित करत असतील तर त्यात नवल नाही. तेवीस वर्षे! दायमेत वसवलेली माणसे किंवा त्यांची मुले तेवीस वर्षे शेतात राहिली. जमीन गेली तेव्हा ती समुद्रावर परतली. जमीन असेपर्यंत चाचे नव्हते, जमीन गेली आणि चाचे परत आले. याहून स्वच्छ पुरावा इतिहासात क्वचितच मिळतो, आणि तो देणाऱ्याला आपण पुरावा देतो आहोत हेही ठाऊक नव्हते. व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’मध्ये टॅरेंटमजवळ नापीक तुकड्यावर बाग फुलवणारा एक म्हातारा आहे. तो सिलिशियातल्या कोरिकसचा. प्राचीन भाष्यकार सर्व्हियसने त्याचे नाते पॉम्पीने वसवलेल्या चाच्यांशी जोडले आहे. तसे असेल तर राजांनाही हेवा वाटावा असा तो समाधानी माणूस एके काळी गलबतावर तलवार घेऊन उभा होता.

मोहिमेने चाचेगिरी कायमची संपली, हे मात्र खरे नाही. पाचच वर्षांनी आशिया प्रांताचा सुभेदार फ्लॅकस चाच्यांसाठी म्हणून आरमाराचा कर वसूल करत होता. इ. स. पू. ५५ मध्ये सीरियाचा सुभेदार राजाला गादीवर बसवायला इजिप्तमध्ये गेला, तेव्हा मागे सीरियाचा किनारा चाच्यांनी लुटला. तो सुभेदार गाबिनियस होता, तोच, ज्याने तो कायदा आणला होता. तरी इ. स. पू. ७० च्या दशकातली ती अराजकी परत आली नाही. याचे आणखी एक कारण मला दिसते आणि ते सुखाचे नाही. रोमला गुलाम लागतच होते. ते आता रोमची पलटण पुरवू लागली. गॉलमधल्या सीझरच्या युद्धांत दहा लाख माणसे बंदिवान झाली, असे प्लुटार्क म्हणतो. इतका माल सरकारी वाटेने येत असेल तर चोरवाटेची गरज कमी होणारच. पॉम्पीने विकणाऱ्याला जमीन दिली. विकत घेणाऱ्याला कोणीच हात लावला नाही.

आणि रोमने या सगळ्यातून काय उचलले? मोहिमेच्या पुढच्याच वर्षी मॅनिलियसच्या कायद्याने मिथ्रिडेटिसविरुद्धचे युद्ध पॉम्पीला दिले गेले. सिसेरोने त्यासाठी भाषण केले. त्या भाषणात जहाजे आहेत, वेग आहे, पॉम्पीचे भाग्य आहे. इ. स. पू. ५७ मध्ये धान्य पुन्हा महागले, पुन्हा पॉम्पी, या वेळी पाच वर्षांसाठी सगळ्या जगाच्या धान्यावर अधिकार. सीझरला गॉलमध्ये पाच वर्षे, मग आणखी पाच वर्षे. इ. स. पू. ५२ मध्ये रस्त्यांवर दंगली झाल्या तेव्हा पॉम्पी एकटाच कॉन्सल, जोडीदाराशिवाय, आणि तो ठराव आणणारे हे कातुलुसच्याच विचारांचे वारस होते. अपवादाची इतकी सवय झाली होती की नियम कोणता होता हे विसरायला झाले. मोठा अधिकार, मोठी मुदत, एक माणूस. हा धडा सगळ्यांना पाठ झाला. ओसाड गावात माणसे वसवण्याचा धडा कोणी गिरवला नाही.

नाही म्हणायला एका माणसाने समुद्र पुन्हा एकदा ‘चाच्यांपासून’ मुक्त केल्याचे ब्राँझवर कोरून घेतले. तो ऑगस्टस. ते चाचे म्हणजे पॉम्पीचाच धाकटा मुलगा सेक्स्टस आणि त्याचे आरमार. सिसिलीवर बसून त्याने रोमचे धान्य अडवले होते आणि पळालेल्या गुलामांना आणि परागंदा झालेल्या सरदारांना आश्रय दिला होता. तो यादवी युद्धातला एक पक्ष होता. जिंकलेल्याने त्याला चाचा म्हटले. आपल्याकडे हे समजावून सांगायला नको. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल होते, कोकण किनाऱ्यावरच्या वाहतुकीसाठी दस्तक देत होते आणि दस्तक न घेणाऱ्याचे जहाज धरत होते. इंग्रजांच्या कागदांत ते ‘पायरेट’ म्हणूनच राहिले. ऑगस्टसने त्याच लेखात पुढे नोंदवले आहे की त्या युद्धात पकडलेले सुमारे तीस हजार पळपुटे गुलाम त्याने शिक्षेसाठी त्यांच्या मालकांच्या स्वाधीन केले. बापाने वीस हजार चाच्यांना शेते दिली. एका पिढीनंतर मुलाच्या पराभवानंतर तीस हजार माणसे मालकांच्या हवाली झाली, आणि दोन्हींचे नाव एकच: समुद्राची शांतता.

पॉम्पीचा शेवट इ. स. पू. ४८ च्या सप्टेंबरात झाला. फार्सालसला हरल्यावर तो इजिप्तच्या किनाऱ्यावर, पेलुसियमजवळ आला. त्याला घ्यायला मासेमारीची एक लहान होडी आली. तिच्यात सेप्टिमियस नावाचा एक रोमन होता. चाच्यांविरुद्धच्या मोहिमेत तो पॉम्पीच्या हाताखाली लढला होता. आता तो गाबिनियसने इजिप्तमध्ये मागे ठेवलेल्या पलटणींपैकी होता. त्या पलटणींमध्ये, सीझर लिहितो, सीरिया आणि सिलिशियातून गोळा केलेले लुटारू आणि चाचेही भरती झाले होते. पॉम्पीने त्याला पाहिले आणि विचारले, आपण कधीतरी एकत्र लढलो आहोत ना? सेप्टिमियसने फक्त मान हलवली. होडी काठाशी लागली, पॉम्पी उतरण्यासाठी आपल्या सेवकाचा हात धरून उठला, आणि सेप्टिमियसने मागून तलवार खुपसली. दुसऱ्या दिवशी पॉम्पीला अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होणार होती.